वास घेणाऱ्या दुर्गाबाई

दुर्गाबाई,

तुम्हाला मी पत्र कधी लिहिलेलं नाही, आणि हे लिहून झालं की पुन्हा लिहिणारही नाही. समोरासमोर बोलले असते. पण मी आले की तुम्ही कुणाच्या तरी गाडीत डोकं घालता आणि मला फक्त तुमची पाठ दिसते. पाठीशी बोलून बोलून मला वीट आलाय. हे छापून आलं की तुमची सून तुम्हाला वाचून दाखवील, आणि तुम्ही म्हणाल, बाई लई बोलती. बोलते मी. तुम्ही ऐका.

तुम्ही कोण, हे तुम्हाला सांगायची गरज नाही; पण वाचणाऱ्यांना कळायला हवं. तळवड्याहून इंद्रायणीचा पूल ओलांडून चाकणकडे निघालं की निघोजे गाठायच्या आधी रस्त्याकडेला पत्र्याचं एक शेड लागतं. बाहेर गाड्यांवर पाण्याचे फवारे उडत असतात, ते तुमच्या मुलाचं काम. आतल्या सावलीत, साडीचा पदर खोचून, गाडीचं मागचं दार उघडून गुडघ्यांवर बसलेली बाई म्हणजे तुम्ही. तुम्ही गाडीचं बाहेरचं अंग धुत नाही. तुम्ही आतल्या कापडी सीट धुता. त्यातही नुसती धूळमाती नाही. लोकांनी जे जे प्यायलं आणि सांडलं, ते सगळं तुमच्या वाट्याला येतं.

माणसं गाडीत काय काय सांडतात हे ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांनी माणसांबद्दल चांगलं बोलू नये. मी तुमच्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हे पाहिलं आहे. चहा, ताक, उसाचा रस, काळी कोल्ड्रिंकं, ती टिनच्या डब्यातली निळी की हिरवी औषधासारखी पेयं, बिअर, आणि हे सगळं पोटात जाऊन परत आलेलं. कंपनीच्या माणसांची ने-आण करणाऱ्या गाड्यांचं तर विचारूच नका. तीन शिफ्टमध्ये पळणाऱ्या त्या गाडीची सीट कधी कोरडीच होत नाही. कुणीतरी चहा सांडतो. त्यावर दुसरा कोल्ड्रिंक सांडतो. त्यावर तिसरा ओकतो. मग मालक वरून मोगऱ्याचा स्प्रे मारतो आणि गाडी परत लायनीवर. वरचं कापड करडं, दिसायला ठीक. पण कापडाखालचा फोम सगळं पिऊन बसलेला असतो. तुम्ही पाण्याचा हलका फवारा मारून व्हॅक्युमची नळी दाबून फिरवलीत की टाकीत जे पाणी उतरतं, ते मी एकदाच वाकून पाहिलं. त्या दिवशी मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

आणि या सगळ्याचे मालक लांब उभे. नाकाला रुमाल. "मावशी, नीट करा हां, नवी गाडी आहे." घाण त्यांची, किळसही त्यांनाच. ती पुसणाऱ्या बाईच्या नाकाला जणू काही वासच येत नसावा.

तुमची माझी ओळख भांडणातून झाली. भाच्याने माझ्या गाडीत कॉफी सांडली होती, दुधाची. मी गाडी तुमच्याकडे आणली आणि माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही त्यावर कढत पाणी ओतलंत. मी ओरडले. दुधाच्या डागाला गरम पाणी लागलं की दूध कापडात शिजून बसतं, एवढं कुठल्याही स्वयंपाक करणाऱ्या बाईला कळायला हवं. तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणालात, "मंग तुमीच धुवा की." मी ब्रश घेतला आणि धुतलं. डाग निघाला नाही, तुमच्याच्याने नाही आणि माझ्याच्यानेही नाही. मग तुम्ही खुर्ची सरकवलीत, चहा मागवलात, आणि वर बजावलंत की गाडीत बसून पिऊ नका. त्यानंतर मी येत राहिले. तुमच्याइतकं तोंडावर बोलणारं माणूस मला या भागात दुसरं भेटलं नव्हतं.

तुमची एक रीत होती, आणि तीच या सगळ्याच्या मुळाशी आहे. गाडी आली की तुम्ही आधी पाणी लावायचा नाहीत. दार उघडायचं, वाकायचं, डोळे मिटायचे आणि सीटच्या कापडाला नाक टेकवायचं. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, हे अमुक. तुमचं म्हणणं योग्यच होतं. "कशाचा डाग हाय त्ये कळल्याबिगर पानी लावायचं न्हाई. चहाला येगळं, दारूला येगळं." माझ्या कॉफीवरून एवढं तरी तुम्ही शिकला होतात. पण हळूहळू तुम्हाला त्या सांगण्याची चटक लागली. ही देशी. ही इंग्लिश. ह्यात लिंबू पिळलंय. एकदा कुणा साहेबाच्या गाडीतून बाहेर येऊन, त्याची बायको शेजारी उभी असताना तुम्ही सांगितलंत की मागच्या सीटवर बिअर आहे आणि बाईमाणसाचं अत्तर आहे. हे तुम्ही मला पोट धरून हसत सांगितलं होतंत. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, आणि तसं मी तुम्हाला तेव्हाच बोलले.

हे नाक तुम्हाला कुठून मिळालं, तेही तुम्हीच सांगितलंत. सीटवर ब्रश फिरवता फिरवता, मागे वळून न बघता. तुमचं माहेर निघोज्याचं, सासर तिथलंच. जमिनीवर कंपन्या उभ्या राहिल्या, नवऱ्याला भोसरीत पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये काम लागलं, आणि पहिल्या पगारापासून तो प्यायला लागला. "ओसरीवर पाय ठेवायच्या आदी मला वासावरनं कळायचं," तुम्ही म्हणालात, "किती झालीया, कुनासंगं झालीया, आन आज मारनार का नुसता रडनार." पोरांना शेजारी पाठवायचं की नाही, भाकरी वाढायची की चूल विझवून झोपेचं सोंग घ्यायचं, हे सगळं तुम्ही त्या वासावर ठरवत होता. नवरा लिव्हर सडून गेला. वास तुमच्या नाकात राहिला. कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासलीत, मुलाने शेड टाकलं तेव्हा आत आलात, आणि तिथेही परत तोच वास. दारूचा डाग आला की तुमचा ब्रश जोरात चालायचा. कापडाची लव निघेल इतका. मी दोनदा टोकलं, मग सोडून दिलं.

या नाकाचा उपयोग सोपानरावांना सापडला. वाचणाऱ्यांसाठी: सोपानराव म्हणजे ठेकेदार. चाकणच्या कंपन्यांना माणसं ने-आण करायला गाड्या पुरवतात, आणि त्यांच्या सगळ्या गाड्यांच्या सीट तुमच्याकडे येतात. गोड बोलणारा माणूस. प्रत्येकाला राव म्हणतो, बायकांनासुद्धा. अधूनमधून त्यांच्याकडे तक्रार जायची की अमक्या गाडीत दारूचा वास येतो. मग ते चौकशी वगैरे काही करायचे नाहीत. ड्रायव्हरला सांगायचे, गाडी दुर्गाबाईंकडे घेऊन जा. तुम्ही नाक टेकवायचं, फोनवर सांगायचं, हाय किंवा न्हाई. हाय म्हणालात की ड्रायव्हर घरी. "दुर्गाबाई बोलल्या म्हणजे लॅबचा रिपोर्ट," असं सोपानराव माझ्यासमोर म्हणाले होते.

मी पिंपरीतल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी केली. तिथे रिपोर्टवर एकाची सही चालत नाही, आणि तपासलेल्या मालातला थोडा बाजूला राखून ठेवतात, उद्या कुणी हरकत घेतली तर परत बघता यावा म्हणून. मी हे तुम्हाला समजावून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "माज्या नाकाला सही लागत न्हाई." ड्रायव्हर तुम्हाला टरकून असायचे. येताना कुणी केळी आणायचं, कुणी खरवस. तुम्ही एकाचंही घेतलं नाहीत. हे मी आजही मान्य करते. लाच तुम्ही घेतली नाहीत.

मग गणराज आला.

लातूरकडचा मुलगा. तळवड्यात भाड्याच्या खोलीत वडिलांना घेऊन राहायचा. वडिलांना मूतखड्याचा त्रास, आणि उन्हाळा लागला की लघवीला आग. कुणीतरी सांगितलं नीरा पाजा, म्हणून तो सकाळची शिफ्ट कंपनीत सोडली की नीरेच्या स्टॉलवरून एक बाटली भरून घ्यायचा. स्टॉलवाला सांगायचा, इथेच प्या, नेऊ नका, टिकत नाही. पण वडील तळवड्यात आणि हा चाकणच्या वाटेवर; परतताना द्यायची म्हणून मागच्या सीटवर ठेवायचा. एरवी ऊन चढायच्या आत घरी चक्कर व्हायची. त्या दिवशी झाली नाही. कंपनीच्या पार्किंगमध्ये, काचा बंद, डोक्यावर पत्रासुद्धा नाही, आणि चैत्रातलं ऊन. दुपारपर्यंत बाटली फुगून फुटली आणि मागची सीट भिजली.

त्याने घाबरून टॉवेलने सीट पुसली आणि बाटली रस्त्याकडेला फेकून दिली. तीच बाटली ठेवली असती तर. पण कामावरून काढण्याची भीती असलेला माणूस असाच वागतो, समोरची घाण आधी नजरेआड करतो. शिफ्ट सुटली, कंपनीतल्या मुली गाडीकडे आल्या, दार उघडलं आणि सगळ्यांनी ओढण्या नाकाला लावल्या. गेटवरच्या माणसाने गणराजला मशीनमध्ये फुंकायला लावलं. मशीनवर काही आलं नाही. पण नियम असा की ड्रायव्हर प्यालेला असो वा नसो, गाडीत दारू सापडली की त्याचा गेटचा पास बंद. आता सीटवर जे सांडलंय ती दारू आहे की नाही, एवढंच ठरायचं होतं. ते ठरवायला सोपानरावांनी गाडी तुमच्याकडे पाठवली.

मी तिथेच बसले होते. गणराज गाडीतून उतरला, त्याने तुम्हाला नमस्कार केला. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाहीत. दार उघडलंत, वाकलात, नाक टेकवलंत. नेहमीपेक्षा लवकर उठलात.

"ताडी," तुम्ही म्हणालात.

"ताडी नाही ओ मावशी. नीरा आहे. बाबांसाठी आणलो होतो. बाटली फुटली."

"नीरा म्या बी पिलीया. नीरंला असला वास नसतो."

"तुम्ही गार पिलात. ही उन्हात होती दुपारपर्यंत."

"सकाळची नीरा दुपारपत्तुर ताडी हुत न्हाई, बाळा. त्याला रात जावी लागती. दारुड्यासंगं जलम काढलाय म्या, मला शिकवू नगं."

मी मधे पडले. म्हटलं, साखरेचं पाणी आहे ते, बंद गाडीतल्या उन्हात आंबायला त्याला रात्र कशाला हवी? निदान धुऊ नका. तेवढा तुकडा तसाच राहू द्या, परत बघता येईल. तोवर तुम्ही फोन लावला होतात. सोपानरावांनी पलीकडून एवढंच विचारलं असणार, दारू आहे का. तुम्ही म्हणालात, हाय. आणि फोन खाली ठेवून फवारा मारलात.

त्या दिवशी तुम्ही धुतलंत मात्र सुरेख. पांढरं फडकं दाबून आधी ओल टिपलीत, फडक्यावर चिकट पांढुरका थर आला. कापडाच्या विणीच्या दिशेने ब्रश फिरवलात, कडेला पाण्याचं वर्तुळ उठू नये म्हणून बाहेरून आत. व्हॅक्युमने ओढून काढलंत, दारं उघडी टाकून वाळवलंत. गणराज तोवर उन्हात उभा. त्याला कुणी बस म्हटलं नाही, म्हणून मी माझी खुर्ची दिली. तो बसला नाही. संध्याकाळी त्या सीटवर डाग नव्हता, वास नव्हता, आणि तो काय म्हणत होता ते तपासायला काहीही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या घरी आला. रडला नाही, हात जोडले नाहीत. म्हणाला, काकू, तुम्ही तिथे होतात, तुम्ही शिकलेल्या आहात, एवढं सोपानरावांना सांगा. मी गेले. तळवड्यात खाली केस कापण्याचं दुकान आणि वर त्यांचं ऑफिस. त्यांनी चहा दिला, पंख्याचा वेग वाढवला, आणि शांतपणे सांगितलं की काकू, तुमचं बरोबर असेल, पण मी कंपनीला दुर्गाबाईंचा शब्द दिलाय. ड्रायव्हरांची नवी यादी शुक्रवारी जाते. तोपर्यंत दुर्गाबाईंनी स्वतः येऊन 'चुकले' म्हणावं, मी गणराजचं नाव घालतो. त्या आल्या नाहीत तर दारूचा शेरा बसला म्हणून समजा, आणि मग त्याला या पट्ट्यात दुसरा ठेकेदारही उभा करायचा नाही. मी म्हटलं, तुम्हीच जाऊन विचारा ना त्यांना. ते हसले. "अहो राव, रिपोर्टला कुणी विचारतं का?"

पंख्याखाली बसून, दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन, चहाचा घोट घेत हसणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. तरी सवय झाली नाही.

मग मी तुमच्यासाठी ती गोष्ट केली जी तुम्ही स्वतःहून केली असतीत तर आज हे पत्र नसतं. सकाळी नीरेची बाटली आणली. स्टॉलवाल्याने मलाही बजावलं, इथेच प्या काकू. मी माझी गाडी तुमच्या शेडसमोर उन्हात लावली, बाटली मागच्या सीटवर आडवी ठेवली, काचा वर केल्या. तुम्ही हसत होतात. "काकू, गाडी नासवून घ्याल." मी म्हटलं, नासू दे. तुम्ही कामाला लागलात, मी सावलीत बसले. अधूनमधून तुम्ही माझ्या गाडीकडे बघत होतात, मी बघत नाही असं वाटलं की.

जेवणाची वेळ टळली आणि गाडीत फट्ट असा आवाज झाला. झाकण उडालं होतं. फेस सीटवरून खाली ओघळत होता. तुम्ही हातातला ब्रश खाली ठेवलात. दार उघडलंत, वाकलात, नाक टेकवलंत. या वेळी बराच वेळ उठला नाहीत. मला वाटलं चक्कर आली की काय. मग तिथेच, दाराच्या कडेवर बसलात आणि पदराने तोंड पुसलंत.

"ह्योच," तुम्ही म्हणालात. आणि मग, "प्वार खरं बोलत हुतं."

त्या क्षणी, दुर्गाबाई, माझ्या मनात तुमच्याबद्दल फार आदर होता. स्वतःच्या नाकाविरुद्ध स्वतःच्या तोंडाने बोलणं सोपं नाही. मी म्हटलं, चला आत्ताच्या आत्ता, सोपानरावांकडे जाऊ, माझी गाडी घाण झालीय पण चालते. तुम्ही हलला नाहीत.

"काकू, ह्ये एक झालं. ह्याच्या आदीच्यांचं काय?"

कोण आधीचे, मी विचारलं. तुम्ही सांगायला लागलात, माझ्याकडे न बघता, त्या फेसाकडे बघत. एक जण म्हणत होता, पोरीच्या खोकल्याचं औषध सांडलंय. एक जण म्हणत होता, सॅनिटायझरची बाटली उलटली. "म्या म्हनले, सॅनिटायझर पितोस व्हय रं? समदी हसली. त्यो बी हसला." मग? "मंग काय. गेला. कुटं गेला म्हाईत न्हाई." असे आणखी. त्यांच्या गाड्यांचे रंग तुम्हाला आठवत होते, नावं आठवत नव्हती. आणि प्रत्येक वेळी नंतर तुम्ही सीट धुतली होतीत.

तुमच्या शेडमध्ये मी इतके दिवस बसले, इतकी घाण पाहिली, पण खरी किळस आली ती त्या दुपारी. सॅनिटायझर म्हणजे स्पिरिट, वास तोच येणार. कोरोनाच्या त्या वर्षी प्रत्येक गाडीत ती बाटली होती, सरकारच सांगत होतं ठेवा म्हणून. तो माणूस खरं बोलत होता, आणि तुम्ही सगळ्यांना हसवलंत. हे मी तुम्हाला तिथेच ऐकवलं. तुम्ही ऐकून घेतलंत. शेवटी म्हणालात, गुरुवारी सकाळी या, जाऊ सोपानरावाकडं. धुतलेलं लुगडं नेसून बसते.

गुरुवारी मी आले. लुगडं धुतलेलं होतं, हे खरं. पण तुम्ही एका गाडीत वाकलेल्या होतात. हाताने खूण केलीत, थांबा. मी थांबले. ती सीट झाली, दुसरी गाडी आली. मी म्हटलं, दुर्गाबाई, ऑफिस उघडलं असेल. तुम्ही पाठ वळवूनच बोललात.

"तशी झालीच की ताडी. म्या खोटं कुटं बोलले? जे हुतं त्ये सांगितलं."

मी म्हटलं, वास खरा होता, पण त्या पोराने दारू आणलेली नव्हती. तुम्हाला हे कळतंय.

"मला समदं कळतंय. आन ह्ये बी कळतंय का एक चुकलं म्हनलं का समदी येत्यात दारात. माज्या लेकाचं निम्मं काम सोपानरावाच्या गाड्यांवर चालतंय. उद्या माजं नाक खोटं ठरलं का गाड्या दुसरीकडं जात्यात." आणि मग, थोडं खालच्या आवाजात, "उद्या जाऊ काकू. सकाळच्याला. शुक्रवार हाय ना अजून."

शुक्रवारी शेडमध्ये तुमचा मुलगा होता. म्हणाला, आई दिघीला गेली, मावशीकडे. काय काम होतं, त्याला माहीत नव्हतं. मी दिघीला जाणार नव्हते. माझ्या पायात तेवढी ताकद आहे, पण कुणाला ओढत नेऊन त्याच्याकडून खरं बोलवून घ्यायची माझी तयारी नाही. सोपानरावांना मी फोन केला, संध्याकाळपर्यंत थांबा म्हटलं. ते म्हणाले, थांबतो ना राव. यादी दुपारीच गेली होती, हे नंतर कळलं.

गणराज आता कुरुळीच्या बाजूला भंगाराचा टेम्पो चालवतो. मालक रोजावर ठेवतो, रोज सकाळी आधी तोंडाचा वास घेतो आणि मगच किल्ली देतो. मला तो एकदा तळवड्याच्या चौकात भेटला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, राहू द्या काकू. मग सांगितलं की वडिलांनी नीरा सोडली. आणि अजून एक सांगितलं, जे त्याने सांगायला नको होतं आणि मी ऐकायला नको होतं. आता तो कामावरून घरी आला की वडील दारात त्याला थांबवतात, खांद्यावर हात ठेवतात आणि जवळ येऊन त्याच्या तोंडाचा वास घेतात. मग त्याला आत घेतात.

तुम्ही नवऱ्याचा मार सोसलात, मुलं वाढवलीत, लोकांची घाण हातांनी उपसलीत, कुणाचं केळंसुद्धा फुकट खाल्लं नाहीत. हे सगळं मी इथे लिहिलंय आणि ते खरं आहे. पण तुमच्या घराच्या ओसरीवर जे होतं, ते तुम्ही उचलून त्या पोराच्या दारात नेऊन ठेवलंत, आणि तुम्हाला ते माहीत आहे. मला सांडलेल्या बिअरची किळस वाटत नाही आता. ती पुसून निघते.

परवा मी बसमधून जाताना तुम्हाला पाहिलं. तुम्ही अजून नाक टेकवता. मोठ्याने सांगायचं मात्र सोडलंयत. वाकता, उठता, जरा बाजूला जाता आणि फोन कानाला लावता.

सोपानरावांचं ऑफिस तळवड्यातच आहे, केस कापण्याच्या दुकानावर, जिना डावीकडून. अकरा वाजता उघडतं. तुम्हाला एकटीला जिना चढवत नसेल म्हणून मी बरोबर येणार होते. आपण गेलो नाही.